सात फिल्टरांची राख

बिरू येडगे आमच्या घरच्या बैलगाड्या हाकीत असे. बिरूचा मुलगा धुळा याने आमच्या पहिल्या ट्रकमधून कोयनेच्या धरणाला सिमेंट वाहिले. धुळाचा मुलगा तातोबा आमची जीप चालवीत असे. तातोबाचा मुलगा निवास, आणि ही हकीकत निवासची आहे. लिहिणारी मी, सुलोचना रणनवरे, वय वर्षे ऐंशी, रणनवरे मोटार सर्व्हिसची मालकीण. या भागात मला अक्कासाहेब म्हणतात. माझ्या शब्दावर गाड्या सुटत आणि माझ्या शब्दावर थांबत. यंदाच्या, म्हणजे २०४६ च्या उन्हाळ्यात त्या शब्दाला काही किंमत उरली नाही. ते कसे झाले, तेवढे मला नीट सांगायचे आहे.

सपाटीवरची वाहने केव्हाच बॅटरीवर गेली. आमच्या पठारावर मात्र विजेचा दाब अजून दुपारचा पंखासुद्धा धड फिरवीत नाही. म्हणून सतरा आसनांच्या सात डिझेल गाड्या चालविण्याचा खास परवाना आमच्याकडे होता. त्याला एकच मोठी अट होती. एखाद्या गाडीमुळे कोणाला इजा झाली, तर त्या गाडीचा फिल्टर वाचनासाठी सरकारकडे द्यायचा.

फिल्टर वाचणे म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. डिझेल जळताना काजळी होते. ती हवेत जाऊ नये म्हणून धुराच्या नळीत भाजलेल्या मातीसारख्या पदार्थाचे एक पोळे बसविलेले असते. त्यात हजारो अरुंद नलिका असतात आणि त्यांची तोंडे एकाआड एक बंद केलेली असतात. धुराला भिंतीतून झिरपूनच बाहेर जावे लागते, आणि काजळी भिंतीवर राहते. ती साचली की समोर दिवा लागतो. मग इंजिन स्वतःच धूर सहाशे अंशांपर्यंत तापविते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी पंचवीस मिनिटे वेगात सलग चालावी लागते, नाहीतर मोकळ्या जागी उभी करून इंजिन फिरत ठेवावे लागते. अडचण असेल तर हे जाळणे अर्ध्यावर तोडून पुढे ढकलण्यासाठी एक बटण असते.

काजळी जळून जाते, पण राख मागे उरते. ती येते इंजिनच्या तेलातून, तेलात मिसळलेल्या चुन्यासारख्या आणि जस्तासारख्या द्रव्यांतून. तिला कितीही तापविले तरी ती जात नाही. दर जाळण्यानंतर राखेचा केसाहून पातळ असा एक थर भिंतीवर बसतो. पंधरा वर्षांपूर्वी कोणा संशोधकांच्या लक्षात आले की हे थर वेगवेगळे वाचता येतात. थर किती तापला, पुरा जळला की अर्धवट सोडला, कोणत्या तेलाची राख आहे, हे सारे क्ष-किरणांच्या यंत्राला दिसते. त्याच वेळी गाडीत कोणाचे चालक-कार्ड होते, हे गाडी सांगतेच. दोन्ही जुळविले की फिल्टरचा सगळा जन्म उलगडतो. कायद्याने हे वाचन अखेरचे मानले आणि फिल्टर राखण्याचे दायित्व चालकावर टाकले. साक्षीदार फिरतात, राख फिरत नाही, असे त्या वेळी सांगण्यात आले. मलाही ते पटले होते.

आमच्याकडे सासऱ्यांपासूनचा एक नियम होता. सगळ्या इंजिनांना एकाच पिंपातले तेल घालायचे. खंडेनवमीला नवे पिंप उघडायचे, घरच्या सुनेने त्याला हळदकुंकू लावायचे आणि पहिले माप तिने आपल्या हाताने ओतायचे. तेलही तेच, सासऱ्यांनी निवडलेले, दाट आणि काळसर. पन्नासहून अधिक खंडेनवम्या मी ते माप ओतले. नव्या गाड्या आल्या त्या वर्षी निवास पिंपापाशी घुटमळत उभा राहिला.

"अक्कासाब, ह्या इंजिनाला हे त्याल चालायचं न्हाई. कमी राखंचं घाला म्हणून पुस्तकात लिवलंय."

"पुस्तक लिहिणाऱ्याने किती इंजिने चालविली आहेत?"

"त्यानं बनवलीच हायती की."

सगळे चालक हसले. मी हसले नाही. मी माप त्याच्या हाती दिले आणि म्हणाले, "ओत." त्याने ओतले, आणि तेलाच्या नोंदीवर नियमाप्रमाणे चालक म्हणून स्वतःचा अंगठा दिला. सातही चालकांनी दिला.

राख फिल्टर व्यापीत गेली. काजळीला जागा उरेना, म्हणून दिवा महिन्यातून दोनदा लागायचा तो दिवसाआड लागू लागला. पठारावरच्या वाड्यांमध्ये गाडी दर दोन किलोमीटरला थांबते, पंचवीस मिनिटे सलग मिळतात कुठे? चालक बटण दाबीत आणि पुढे जात. खोळंबा नको, हाही माझाच हुकूम होता.

मार्चमधल्या एका मंगळवारी मी डोळे दाखविण्यासाठी निवासच्या गाडीत पुढच्या आसनावर बसले होते. ती गाडी आठवड्यातून तीन दिवस मूत्रपिंडाच्या रुग्णांना कराडच्या केंद्रात रक्त शुद्ध करून घेण्यासाठी नेत असे. त्या दिवशी आठ रुग्ण होते. त्यांतली शेवंता लोहार पन्नाशीची, पायांना सूज, पण जिभेला विश्रांती नाही.

"आज गाडी लईच हळू चाललीया," ती मागून म्हणाली. "अक्कासाब बसल्यात म्हणून तिनंबी डोईवर पदर घेतलाय जणू."

गाडीत हशा पिकला. निवासच्या खांद्यांकडे पाहून मला कळले की तोही हसतो आहे. तेवढ्यात दिवा लागला.

"माळावर उभी करतो," तो म्हणाला. "पंचवीस मिन्टं द्यायाच पायजेत आता. दोन येळंला सोडलंय."

"आठ वाजता यंत्रे लावतात. यांची पाळी चुकेल. बटण दाब आणि चल."

"अक्कासाब, लई भरलाय फिल्टर."

"मी काय म्हणाले?"

त्याने बटण दाबले.

पुढच्या चढावर इंजिनने अंग टाकले. फिल्टर तुंबला की इंजिन स्वतःला वाचविण्यासाठी आपली शक्ती कमी करते. गाडी बंद पडत नाही, रांगत राहते. आम्ही तो चढ बैलगाडीच्या चालीने चढलो, आणि मग गाडी तेवढेही चालेना. दुसरी गाडी येईपर्यंत दोन तास उन्हात गेले. शेवंता आधी बोलत होती. मग तिने लुगड्याचा पदर तोंडावर घेतला. केंद्रात पोहोचलो तेव्हा सकाळची यंत्रे दुसऱ्यांना लागली होती. दुपारच्या पाळीत सर्वांना घेऊ म्हणाले, आणि सातजणांना घेतलेही. शेवंताचे हृदय तिचे नाव पुकारण्याआधी, बाकावरच थांबले. मी तिच्या शेजारी बसले होते. मी डॉक्टरांना हाका मारल्या. माझ्या हाकेने पाच गावांत माणसे धावत येतात, तीच हाक मी मारली. लोक धावून आलेही. त्याचा काही उपयोग झाला नाही.

आठ दिवसांनी साताऱ्याच्या वाचन केंद्राचा अहवाल आला. तीन महिन्यांत एकतीस वेळा जाळणे अर्धवट सोडले, आणि एकतीसही वेळा कार्ड निवासचे. तेल चुकीचे, आणि नोंदीवर अंगठा निवासचा. त्याचे कार्ड गोठविले गेले. निष्काळजीपणाने मृत्यू ओढविल्याचा खटला त्याच्यावर उभा राहणार होता. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, आणि कार्ड जन्मभरासाठी रद्द.

मी साताऱ्याला गेले. वाचन केंद्रात ऊर्जिता कोळेकर नावाची मुलगी होती, तिशीची, नम्र, डोळ्यांखाली काळी वर्तुळे. मी तिच्यापुढे खुर्ची ओढून बसले.

"लिहून घ्या. बटण माझ्या हुकुमाने दाबले. तेल माझ्या हुकुमाने घातले. दोष माझा आहे."

"आजी, मी लिहून घेऊ शकत नाही."

"हात दुखतो का?"

ती हसली आणि तिने पडदा माझ्याकडे वळविला. "हा नमुना बघा. चालक, तारीख, तापमान, तेल. माणसाच्या म्हणण्याला इथे रकानाच ठेवलेला नाही. पूर्वी मालक चालकांवर दबाव आणून हवं ते वदवून घ्यायचे, म्हणून तो काढला."

"मी दबाव आणीत नाही. मी कबूल होते आहे."

"यंत्राला दोन्ही सारखंच ऐकू येतं, आजी. म्हणजे येतच नाही."

मी वकिलाकडे गेले, अधिकाऱ्याकडे गेले, आमच्या आमदारांकडे गेले. सर्वांनी उठून नमस्कार केला, चहा दिला आणि हात जोडले. मी आयुष्यात इतका चहा कधी प्याले नव्हते.

शेवटी मी निवासच्या घरी गेले. त्याची बायको कांचन हिने घोंगडे अंथरले, पाणी ठेवले आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. निवास चौपन्न वर्षांचा आहे. त्या दिवशी तो माझ्याहून म्हातारा दिसला.

"तू माझे नाव का सांगितले नाहीस?" मी विचारले.

"कुणाला सांगू? इचारलं कुणी?" तो म्हणाला. "त्याचं काय न्हाई वाटत, अक्कासाब. तुरुंगात जाईन. लोक बोलत्यात त्ये सोसवंना. चावडीवर म्हणत्यात, येडग्यांच्या रक्तातच हाय. बापानं माणूस लंगडा केला, पोरानं बाई मारली. आबांचं नाव धुवावं म्हणून मी ड्रायव्हर झालो. शाळंत पोरं मला लंगडा करणाराचं पोर म्हणायची. तीस वरसं एक ओरखडा न्हाई गाडीला. आन् आता हे."

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. पन्नास वर्षे जे मी कोणाला सांगितले नव्हते, ते आता न सांगता तिथून उठणे मला शक्य नव्हते.

१९९६ साली मी तीस वर्षांची होते. जीप चालविणारी तालुक्यातली पहिली सून म्हणून माझा तोरा होता. तातोबा शेजारी बसे आणि मी चालवी. एका वळणावर मी वेग कमी केला नाही आणि बाबू सुतार नावाच्या सायकलस्वाराला उडविले. त्याचा पाय गुडघ्यातून गेला. लोक शेतांतून धावत येत होते. तातोबाने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "धाकल्या वहिनीसाब, इकडं सरका." आम्ही जागा बदलल्या. अर्धे मिनिटही लागले नसेल. तातोबा वर्षभर कैदेत राहिला. सुटून आल्यावर त्याला लायसन्स मिळाले नाही, आणि मरेपर्यंत त्याने आमच्या गाड्या धुतल्या. ज्या गाड्या तो चालवीत असे, त्याच धुतल्या. मी त्याला दर दिवाळीला धोतरजोडी देत असे आणि स्वतःला उदार समजत असे.

हे सारे मी निवासला सांगितले. ते यंत्र त्या काळी असते, तर तातोबाला माझा दोष घेता आला नसता, आणि आज ते आहे म्हणून मला माझाच दोष घेता येत नाही, हेही मी म्हणाले. तेवढे म्हणायला नको होते. ते शहाणपण त्याच्या काय कामाचे?

निवास आपल्या तळव्यांकडे पाहत होता.

"आबांनी मला हे का न्हाई सांगितलं?"

"मी त्याला शपथ घातली होती."

"म्हंजे मी त्यांच्याशी नीट बोलत नव्हतो," तो म्हणाला, "शेवटाच्या दुखण्यातबी. लाज वाटायची मला त्यांची. आन् त्यांनी ती वाटू दिली."

कांचन पुढे आली. "अक्कासाब," ती म्हणाली, "तुमी जावा आता."

माझ्या ऐंशी वर्षांत मला कोणी घराबाहेर जा म्हणून सांगितले नव्हते. मी उठले. उंबऱ्याशी माझा पाय अडखळला, आणि कोणी हात पुढे केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा साताऱ्याला गेले. ऊर्जिताने मला दारात पाहिले आणि सुस्कारा टाकला.

"माणसाचे ऐकत नाही, ते कळले," मी म्हणाले. "मग ते यंत्र कोणाचे ऐकते?"

"राखेचं," ती म्हणाली. मग थोडे थांबून, दार लोटून घेऊन तिने सांगितले. "एक फिल्टर वाचला की दोष चालकाचा निघतो. पण एकाच मालकाच्या सगळ्या गाड्यांचे फिल्टर एकदम वाचले, आणि वेगवेगळ्या चालकांच्या राखेत एकच तेल, एकच खोड सापडली, तर यंत्र त्याला चालकाची चूक धरत नाही. मालकाचा हुकूम धरतं. मालकांनी स्वतः दिल्याशिवाय ते फिल्टर आम्हाला घेता येत नाहीत. आजवर कुणी दिलेले नाहीत."

"का?"

"कारण मग सगळं मालकावर येतं. खटला, शिक्षा. परवाना कायमचा जातो. कंपनी संपते, आजी."

माझा मुलगा यशोधन याला मी जेवताना सांगितले. त्याचा घास हातातच राहिला.

"आई, चार पिढ्यांचं नाव आहे हे!"

"साडेतीन. तुझी अजून व्हायची आहे."

"थट्टा नको. खटला तुझ्यावर येईल. या वयात कोर्टात उभी राहणार?"

"बसायला खुर्ची देतात म्हणे."

"आणि सहा चालक? त्यांच्या पोटाचं काय? पठारावरच्या माणसांचं काय?"

चालकांना मी एकेकाला बोलावून फिल्टर देऊ का म्हणून विचारले. तिघे हो म्हणाले, दोघे गप्प राहिले, एक रडला. कराडच्या एका संस्थेने बॅटरीवरची, खालीच चार्ज होणारी मोठी गाडी रुग्णांसाठी द्यायचे कबूल केले, आणि ती प्रत्यक्ष पठारावर चढून आल्याशिवाय मी एकही फिल्टर काढू दिला नाही. त्याला अकरा दिवस लागले. इतर प्रवाशांसाठी मला काहीच करता आले नाही. ते आता चार किलोमीटर चालत जाऊन एसटी पकडतात.

मग सहा गाड्यांचे सहा फिल्टर काढले गेले. सातवा आधीच साताऱ्यात होता. डब्यांत बंद करताना मी एकाच्या तोंडात बोट घालून पाहिले. करडी, पिठासारखी राख होती. मी पन्नास वर्षे कुंकू लावून ओतले होते, ते हे.

वाचनाला चार दिवस लागले. सातही फिल्टरांत एकच तेल, सातांतही तोच अर्धवट जळालेल्या थरांचा क्रम. यंत्राने निवासचे नाव काढले आणि माझे घातले. त्याचे कार्ड पुन्हा चालू झाले. माझ्यावरचा खटला ऑगस्टमध्ये उभा राहील. परवाना रद्द झाला, सातही गाड्यांना मोहोर लागली, आणि यशोधनने कार्यालयावरची पाटी उतरविली. ती उतरविताना तो माझ्याकडे पाहत नव्हता.

निवास कार्ड घेऊन मला भेटायला आला. संस्थेच्या गाडीवर त्याला नेमले होते. तो बसला नाही.

"माझं झालं, अक्कासाब," तो म्हणाला. "आबांचं ऱ्हायलंय."

"माहीत आहे."

"त्याला कुठलं यंत्र न्हाई."

"नाही. त्याला मीच आहे."

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. शाळेच्या पडवीत दीडदोनशे माणसे होती. बाबू सुतार वारला आहे, पण त्याची मुलगी शालन पहिल्या ओळीत बसली होती. जे घडले ते मी सांगितले. तारीख सांगितली, वळण सांगितले, वेग सांगितला, जागा कोणी बदलली आणि कोणाच्या सांगण्यावरून तातोबा गप्प राहिला, ते सांगितले.

शालनने विचारले, "माझ्या बाला कळलं हुतं का?"

"नाही."

"त्यो तातोबाला शिव्या घालत मेला, अक्कासाब."

मी हात जोडले. त्या हातांकडे तिने पाहिले नाही.

ग्रामसेवकाने इतिवृत्ताचे पुस्तक उघडले आणि काय लिहू म्हणून विचारले. मी शब्द सांगत गेले आणि तो लिहीत गेला: कै. तातोबा धुळा येडगे यांच्या हातून हा अपघात झाला नाही. तो माझ्या हातून झाला. त्यांनी भोगलेली शिक्षा माझी होती. मी खाली सही केली. माझी सही फिरकीची आणि लांब आहे. त्या दिवशी मी पूर्ण नाव सरळ लिहिले.

ग्रामसेवकाने ते सभेला वाचून दाखविले. मी बसू लागले, तेव्हा मागच्या बाजूने निवास उठला.

"आनिक एकदा वाचा," तो म्हणाला. "आबांचं नाव मोठ्यानं घ्या."

ग्रामसेवकाने माझ्याकडे पाहिले. गावाची पन्नास वर्षांची सवय, माझी मान हलल्याशिवाय त्याची जीभ हलेना. मी मान हलविली नाही. हुकूम निवासचा होता. क्षणभराने त्याला ते उमगले, आणि तो पुन्हा पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचू लागला. कांचन तोंडाला पदर लावून ऐकत होती. वाचन पुरे होईपर्यंत मी उभी राहिले.